कानाची मजुरी

चौदा एप्रिलला गावी गेलो होतो. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस, भंडारा रोडला उतरायचं, पुढं जीप. गावात शिरलो तर धुमाल लागलेला. पुण्या-मुंबईच्या दोस्तांना धुमाल माहीत नसेल. गाडीवर भोंग्यांची भिंत, पुढं ढोल, ताशे, पॅड, बँजो, आणि पाच-सहा पोट्टे घामानं निथळत वाजवतात. नागपूर, भंडारा, गोंदियापासून छत्तीसगढपर्यंत धुमालशिवाय जयंती नाही, लग्न नाही, गणपती नाही.

मीही नाचलो. खोटं कशाला बोलू?

रात्री पॅड वाजवणाऱ्या पोराला विचारलं, जेवला का? सतरा-अठराचा असेल. तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. दुसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा हसला. म्हणाला, "कानात शिट्टी वाजून रायली भाऊ. सकाळपर्यंत जाते."

ही शिट्टी मला ओळखीची आहे. माझ्या मोठेबाबांच्या कानात ती गेली तीस वर्षं वाजतेय. सकाळ झालीच नाही.

मोठेबाबा बँडपार्टीत साइड ड्रम वाजवत. त्यांच्या बापानं डफडं वाजवलं. पाटलाचं लग्न असो, मयत असो की पोळा, महारामांगानं गवताच्या जाळावर डफडं तापवायचं आणि वाजवत पुढं चालायचं. जेवण मात्र सगळ्यांच्या शेवटी, लांब बसून. १९५६ साली नागपुरात दीक्षा झाली आणि आमच्या आज्यानं डफडं खुंटीला टांगलं. पण पोटाला खुंटी नसते. मोठेबाबा बँडमध्ये गेले. आज त्यांना म्हशीचं हंबरणं ऐकू येतं, नातीचं बोलणं येत नाही. "का म्हनतं बे? जोऱ्यानं बोल!" घरातले हसतात. त्यांच्या तोंडावर त्यांना बयरा म्हणतात. मीही म्हटलंय.

हा बहिरेपणा देवानं दिलेला नाही, म्हातारपणानंही नाही. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. मोठा आवाज त्यांना झोडपून काढतो. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आधी बारीक, चिरके आवाज जातात. पाखरू जातं, पोरीबाळींचा आवाज जातो, बोलण्यातले स आणि त जातात. माणूस समोर बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

हिशेबही साधा आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही डॉक्टरांनी घातलेली हद्द. वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० ला फक्त पंधरा मिनिटं. भोंग्याजवळ शंभर सहज ओलांडतो आणि मिरवणूक सहा तास चालते. आता सांगा, त्या पोराच्या पंधरा मिनिटांनंतरच्या पावणेसहा तासांची मजुरी कोण देणार?

मी गोदीत माल उतरवतो. हेल्मेट मिळालं. कानाचे बोळे ठेकेदाराकडं तीनदा मागावे लागले. पण मागायला तोंड होतं, कारण कायदा होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत आवाजानं येणारा बहिरेपणा सरकारला कळवायचा रोग म्हणून शिरला. नुकसानभरपाईच्या कायद्यातही शिरला. धुमालच्या पोराचं नाव कुठल्या हजेरीपटावर आहे? २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५. हे नियम खिडकीआड झोपणाऱ्याचा कान मोजतात. त्याचीही झोप खरी आहे, माझी तक्रार नाही. पण भोंग्याला पाठ लावून उभ्या असलेल्याचा कान त्यात कुठंच नाही.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली तालमीत एका व्हायोलावाल्याच्या मागंच पितळी वाद्यांचा ताफा बसवला. त्याचे कान गेले. तो कोर्टात गेला, २०१८ साली जिंकला आणि २०१९ साली वरच्या कोर्टानंही निकाल कायम ठेवला. कला आहे म्हणून मालकाला सूट नाही, वाजवणारा हा कामगार आहे, हे तिथं ठरलं. आमच्याकडं वाजवणं हे काम मानलंच गेलं नाही. ते जातीचं मानलं गेलं. कामाला तास असतात, मजुरी असते, इजा झाली तर भरपाई असते. जातीला यातलं काही नसतं.

पण दोस्तांनो, चौदा एप्रिलला त्या पोराचा मालक पाटील नव्हता. सुपारी आपल्या समितीनं दिली होती. "अजून वाढव" असं ओरडत होतो ते आपण. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठवड्याचे ४८ तास करून घेतले, १९४६ साली कायदा झाला. त्यांच्याच जयंतीत आपण मजुराचे कान फुकट वापरतो.

वाजवणं बंद करा असं मी म्हणत नाही. आमचा आवाज हजारो वर्षं दाबला, आता तो मोठाच निघणार. धुमालवाले म्हणतात, बोळे घातले तर ताल कसा कळेल? बरोबर आहे. साधा फोमचा बोळा बारीक आवाज जास्त खातो आणि सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. म्हणून वाजवणाऱ्यांसाठी फिल्टरवाले बोळे निघाले. ते ढोल आणि बँजो दोन्ही सारखेच खाली आणतात. नीट बसलेल्या बोळ्यानं १५ डेसिबल कमी झाले तर शंभरचे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. फिल्टरवाले महाग पडले तर निदान फोमचे घ्या, एक-दोन चहाच्या पैशात जोडी येते. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सारायचा, फुगेपर्यंत दाबून धरायचा. कापूस कोंबून काही होत नाही.

पुढच्या जयंतीच्या वर्गणीच्या वहीत हार, मंडप, महाप्रसादासारखं चाललेलं जेवण, या सगळ्याच्या वर एक ओळ लिहा : वाजवणाऱ्यांचे बोळे. सुपारी ठरवतानाच सांगा, भोंगे पोरांच्या पाठीशी नकोत, आणि आळीपाळीनं प्रत्येकाला आवाजापासून लांब बसायला वेळ मिळेल. लहान पोरं भोंग्यापुढून हटवा.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत या भंडाऱ्यानं बाबासाहेबांचं ऐकलं नाही, त्यांना पाडलं. तेव्हा ऐकलं नाही ते लोक दुसरे होते. आता ऐकायचं आपल्याला आहे.

निघताना मी माझ्या खिशातली गोदीची जोडी त्या पोराला दिली. त्यानं ती खिशात टाकली. घालेल की नाही, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी समितीनं द्यावी. तेव्हा त्याला जेवला का विचारलं, तर त्यानं ओठांकडं न बघता उत्तर द्यावं.

जयभीम.