जिज्ञासेवांचून प्रेम

डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग हें नांव मिळून कित्येक वर्षें लोटलीं, तरी आमच्या तोंडीं जुनेंच नांव आहे. हा डिलाईल कोण, असें विचारल्यास बहुतेक गप्प बसतील. परंतु त्या नांवांत आपल्या आठवणी आहेत, असें सांगावयास सारे पुढें सरसावतील. ज्यावर प्रेम असल्याचें सांगावयाचें त्याची साधी विचारपूसही करावयाची नाहीं, हा आम्हां सुशिक्षितांचा जुनाच रोग आहे. बी. डी. डी. चाळींसाठीं सध्यां चाललेला विलाप हें त्याचेंच लक्षण होय.

या चाळी सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत बांधल्या. त्यांपैकीं ३२ डिलाईल रोडवर. खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. पुनर्विकासांत तेथील रहिवाशांना ५०० चौरस फुटांचें घर द्यावयाचें आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या २०२५ च्या ऑगस्टमध्यें दिल्याही गेल्या. यावर आमचे रसिक म्हणतात, ‘संस्कृति बुडाली!’ स्वतःच्या स्वतंत्र न्हाणीघराचें दार लावून घेऊन दुसऱ्याच्या सामाईक नळाचे गोडवे गाणें सोपें असतें.

मीही या विलापकांपैकींच एक होतों. एकदां वर्गांत मीं चाळीची थोरवी गाइली. तेव्हां डिलाईल रोडच्या चाळींत राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें नम्रपणें विचारलें, “सर, आमच्या खोलींत आपण कधीं आलां आहांत काय?” मी निरुत्तर झालों. पुढें गेलों, तों त्याची आजी घर सोडावयास तयार नव्हती. माझ्या सिद्धान्तास पुरावा मिळाला, असें मला वाटलें. पण ती म्हणाली, “खोलीचं काय घेऊन बसलांत, मास्तर? वर दार लावून बसलें नि मेलें, तर कळायचं कोणाला?”

भिंतींना कवटाळणाऱ्यांनीं हा प्रश्न कधीं ऐकला आहे काय? म्हातारीची भीति खरी आहे. पण ती शेजार तुटण्याची आहे, चुना-विटांची नव्हे. शेजारी नव्या इमारतींत एकाच मजल्यावर राहतील काय? बसाउठावयास एखादा सज्जा असेल काय? देखभालीचा खर्च झेपेल काय? या प्रश्नांना उत्तरें शोधतां येतात. विलापाला उत्तर नसतें. गिरणगांवांत एकट्या गिरणीकामगारांना जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनीं त्यांची चौकशी केली, त्यांच्या अडचणी जाणल्या, म्हणून १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभें राहिलें. नुसत्या जेवणाची चव आठवीत बसणारांच्या हातून तें झालें नसतें.

आणि ज्यांचें नांव घ्यावयाचा आम्हांस कंटाळा, त्या नारायण मल्हार जोश्यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली, तेव्हां सामाजिक वस्तुस्थितीची माहिती गोळा करून तिचा अभ्यास करणें हा तिचा एक उद्देश ठेविला. गरिबांवर प्रेम करण्यास निघालेल्या त्या गृहस्थाला आधीं त्यांच्याविषयीं जाणून घेणें अगत्याचें वाटलें.

मुठींत काय आहे हें ज्याला ठाऊक नसतें, तोच मूठ उघडावयास भितो. ज्यानें तें नीट पाहिलें आहे, त्याला काय टाकावयाचें व काय बरोबर न्यावयाचें हें कळतें. चाळीवर ज्यांचें खरोखर प्रेम असेल, त्यांनीं शोकगीतें थोडीं आवरावीं, आणि तेथील एखाद्या दारांत जाऊन ‘तुम्हांला काय हवें?’ एवढें विचारावें.