वजन उतरवते ती सॅक

अमेरिकेतल्या जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट. ती सलग चालायला पाच ते सात महिने लागतात, आणि शेवटच्या माउंट कटाडिनवरच्या छायाचित्रांत अनेकांची गालफडं बसलेली दिसतात. ती पाहून लांब पल्ल्याची चाल म्हणजे वजनावरचा रामबाण इलाज, असा समज होतो. हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं, असं मला वाटतं. दिवसभर ओझं घेऊन डोंगर चढणाऱ्याला चार-पाच हजार कॅलरी सहज लागतात; पण दिवसाला किलोभरापेक्षा जास्त शिधा पाठीवर वाहणं जिवावर येतं. पिष्टमय पदार्थांच्या वा प्रथिनांच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, स्निग्धांतून नऊ. म्हणून ही मंडळी पीनट बटर थेट बरणीतून खातात, नूडल्सवर ऑलिव्ह तेल ओततात. तरी तूट उरतेच. पेनसिल्व्हेनियात निम्मी वाट सरली की एका बैठकीत जवळपास दोन लिटर आइस्क्रीम फस्त करण्याची प्रथा आहे, ती काही निव्वळ गंमत नव्हे. भटारखाना सोबत चालता, तर वजन इतकं उतरलं असतं का?

कारण काहीही असो, वजन तर उतरलं ना, असं कुणी म्हणेल. उतरलं, पण काटा चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही. तूट मोठी आणि प्रथिनं अपुरी असली की स्नायूही झिजतात. शिवाय शरीर आपला खर्च आवरतं. २०१५ मध्ये अमेरिका आडवी धावून पार करणाऱ्यांचा संशोधक हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. शेवटच्या टप्प्यात धावपटूंचा रोजचा खर्च अपेक्षेपेक्षा कमी भरला. महिनोन्‌महिने पेलेल असा खर्च विश्रांतीच्या खर्चाच्या सुमारे अडीचपट असतो, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खरी पंचाईत घरी परतल्यावर होते. चालणं एका दिवसात थांबतं, वाटेवर लागलेली भूक थांबत नाही, आणि गेलेले किलो परत येऊ लागतात.

मग चालण्यात अर्थ नाही का? आहे, भरपूर आहे. रक्तदाब, रक्तातली साखर, झोप, हृदयाची ताकद या सगळ्यांना चालणं मानवतं, काटा हलो वा न हलो. मात्र रोज तासभर चालणारा माणूस महिनाभराने वजन तेवढंच पाहून बूट कोपऱ्यात टाकतो, आणि त्या छायाचित्रांनी केलेलं खरं नुकसान हे आहे.