घोरणाऱ्याच्या शेजारची झोप



या खेपेला एका बहिणीचं पत्र समोर घेऊन बसले आहे. नाव-गाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते :

"आक्का, आमचे मालक घोरतात. लग्न झालं तेव्हा थोडकं होतं, हसण्यावारी नेलं. आता पन्नाशी आली, अंगही सुटलं, आणि घोरणं असं की परसातली जनावरं उठून उभी राहतात. मला पहाटे चारला उठून धारा काढायच्या असतात. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसभर डोकं जड, सुनेवर आणि नातवंडांवर उगाच खेकसते. परवा माजघरात वेगळं अंथरूण टाकलं, तर सासूबाई म्हणाल्या, 'या वयात वेगळं निजायचं? लोक काय म्हणतील?' मालकांना सांगावं तर म्हणतात, 'मी कुठं घोरतो? तुलाच भास होतो.' मी काय करू?"

पत्र वाचून आधी हसू आलं, मग हसू मावळलं. यातली निम्मी वाक्यं मी स्वतः बोललेली आहे.

बाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. माजघरात जायला काही हरकत नाही. झोप ही चैन नव्हे. भाकरीइतकीच ती गरजेची. पण जाण्याआधी एक रात्र, फक्त एक रात्र, मालकांच्या शेजारी जागी राहा आणि त्यांचं घोरणं नीट कान देऊन ऐक. का, ते सांगते.

माणूस झोपला की अंग सैल पडतं, तसे घशातले स्नायूही सैल पडतात. पडजीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग लोंबतो. उताणं निजलं की जीभही मागे सरकते. हवेची वाट अरुंद होते. मळ्यात पाण्याची रबरी नळी पायाखाली दाबली गेली की पाणी कसं फुरफुरत येतं? तसंच हे. अरुंद वाटेनं हवा जोरानं जाते, मऊ भाग थरथरतो, तोच घोरण्याचा आवाज. एवढंच असेल तर आवाजाचा त्रास आहे, जिवाला घोर नाही. घोरणारी कितीतरी माणसं अशीच असतात.

पण पाय आणखी दाबला तर? पाणी बंदच होतं. काही माणसांची हवेची वाट झोपेत अशीच पुरती मिटते. घोरणं एकदम थांबतं. शेजारी निजणाऱ्याला वाटतं, सुटलो बुवा! खरं तर त्या वेळी श्वासच थांबलेला असतो. छाती-पोट उचलत असतं, पण हवा आत जात नाही. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबणं आणि असं तासाला ५ किंवा अधिक वेळा होणं, याला डॉक्टर लोक आजार समजतात. इंग्रजीत त्याला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. नाव अवघड आहे, पण ओळखायला सोपा आहे. फक्त ओळखणारं माणूस जागं हवं.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या ह्यांचं घोरणं साऱ्या भावकीत प्रसिद्ध. लग्नकार्याला गेलो की पाहुणे ह्यांच्यापासून लांब जागा धरायचे. मीही वैतागून कोपर मारायची, कुशीवर ढकलायची, कधी उशी घेऊन ओसरीवर जायची. एका थंडीत आम्ही मळ्यातल्या वस्तीवर निजलो होतो. चहूकडे सामसूम. ह्यांचं घोरणं चाललेलं आणि एकदम बंद. मी मनात म्हटलं, देवा, आता झोप लागेल. पण त्या शांततेत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी मनात आकडे म्हणायला लागले. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. बावीसला हे धडपडल्यासारखे होऊन मोठा श्वास घेते झाले. त्या रात्री मग मी निजलेच नाही. उजाडेपर्यंत असं किती वेळा झालं, त्याची मोजदाद सोडून दिली.

तेव्हा मागच्या गोष्टींचा उलगडा झाला. हे सकाळी उठायचे तेच डोकं दुखतं म्हणत. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे. आम्ही वयावर ढकललं. जेवायला बसल्या बसल्या पेंगायचे. आणि एकदा भर दुपारी ट्रॅक्टर बांधावर चढवला होता. तेव्हा ऊन लागलं म्हणाले. अहो, बैलगाडी होती तेव्हा गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल त्याला घरी आणून सोडायचे. ट्रॅक्टर तसं करत नाही.

गावाजवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, "घोरणं हा काय आजार आहे?" वर झोप नीट लागावी म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी घोरणं आणखी वाढलं. आता कळतं की असं होऊ शकतं, कारण झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. म्हणून त्या आपल्या मनानं किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कधी घेऊ नयेत. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा श्वास थांबतो ही गोष्ट पहिल्यांदा सांगा. मी ती शेवटी, भीत भीत सांगितली होती.

मग जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ह्यांना बाजूला बसवलं आणि मला पुढं बोलावलं. म्हणाले, "त्यांना काय विचारू? ते तर झोपलेले असतात. साक्षीदार तुम्ही." तो शब्द माझ्या मनात बसला. इतकी वर्षं मी स्वतःला पीडित समजत होते, साक्षीदार कधीच समजले नव्हते.

पुढं एका रात्रीची तपासणी झाली. बोटाला, छातीला, नाकाशी यंत्राच्या तारा लावतात आणि माणसाला झोपू देतात. श्वास किती वेळा थांबला, रक्तातला प्राणवायू किती उतरला, सगळं त्यात उमटतं. आता काही रुग्णांना लहान यंत्र घरी नेऊनही ही तपासणी करता येते. ह्यांना आजार निघाला. रात्री नाकावर मुखवटा लावून झोपायचं, यंत्र हलक्या दाबानं हवा सोडत राहतं आणि वाट मिटू देत नाही. हा उपाय ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली जगापुढं मांडला. त्याआधी आजार जोरात असला तर गळ्याला भोक पाडण्यावाचून फारसा इलाज नव्हता.

मुखवटा बघून हे भडकले. "मळणीच्या बैलासारखी मला मुसकी बांधता काय?" पहिले पंधरा दिवस रोज कुरबुर. मग एका सकाळी म्हणाले, "आज डोकं दुखत नाही गं." त्यानंतर मुखवटा शोधायला मला सांगावं लागलं नाही. एक अडचण मात्र खरी : रात्री वीज गेली की यंत्र बंद. त्यासाठी आम्ही इन्व्हर्टर घेतला. यंत्र घेण्याआधी तुम्हीही विजेचा विचार करा, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीची काय सोय आहे, तेही विचारा.

तर बाई, त्या एका रात्री काय बघायचं? घोरणं मध्येच तुटतं का? तुटल्यावर मनात आकडे म्हण. दहाच्या पुढं गेलं आणि हुंदक्यासारखा श्वास आला, तर ते ध्यानात ठेव. मोबाइलवर आवाज धरून ठेव. 'मी कुठं घोरतो' म्हणणाऱ्याला त्याच्याइतकं चांगलं उत्तर नाही, आणि डॉक्टरांनाही तो ऐकवता येतो. दिवसा पेंगणं, सकाळची डोकेदुखी, रात्री वरचेवर लघवीला उठणं, रक्तदाब वाढलेला असणं, या खुणा जोडीला असतील तर उशीर करू नका. सदऱ्याची कॉलर १७ इंचांहून मोठी लागत असेल, तर अशा माणसाला धोका जास्त. तपासणी होईपर्यंत डोळ्यांवर झोप असताना ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबा कुट्टी यांना हात लावू देऊ नका.

श्वास थांबत नसेल, तर घरचे उपाय करून बघा. उताण्यापेक्षा कुशीवर निजलं की घोरणं बहुधा कमी होतं. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात पोराचा रबरी चेंडू घाला. उताणं झालं की टोचतो आणि माणूस आपोआप कूस बदलतो. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट द्या. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं असू द्या. दारू घशाचे स्नायू सैल करते, बिडीनं घसा आतून सुजतो. दोन्ही सुटतील तेवढं बरं. वजन उतरलं की घोरणंही उतरतं. मळणीच्या, उफणणीच्या दिवसांत नाक धुळीनं चोंदतं, तेव्हा नाकातोंडाला फडकं बांधा. संध्याकाळी वाफ घेतली तर नाक मोकळं होतं. नाकात तेल ओतू नका. ते फुप्फुसात उतरलं तर उलटं दुखणं होतं. आणि जिथं अजून रात्रीच्या विजेवर पाणी धरावं लागतं, तिथं दिवसा थोडी झोप घेऊ द्या. थकून कोसळलेला माणूस जास्त घोरतो.

आता तुझी झोप. त्यांच्या आधी अर्धा तास अंथरुणावर पड. पहिली झोप लागली की आवाज कमी जाणवतो. औषधाच्या दुकानात कानात घालायचे मऊ बोळे मिळतात, ते वापर. कापूस घालायचा तर बाहेर दिसेल एवढाच, खोल कोंबू नये. पंख्याच्या एकसुरी आवाजानंही घोरणं थोडं झाकतं.

दोन गोष्टी आणखी. घोरणं ही काही पुरुषांचीच मिरासदारी नाही. पाळी गेल्यावर बायकाही घोरू लागतात, आणि लाजेनं कुणी बोलत नाही. गरोदरपणात कुणी नव्यानं घोरायला लागली, तर रक्तदाब तपासून घ्या. आणि लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून निजत असेल, तर गाढ झोपलंय म्हणून कौतुक करू नका. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते, ते दाखवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हण : रागानं वेगळं निजणं वेगळं आणि पहाटे चारला उठायचं म्हणून वेगळं निजणं वेगळं. दोघांत बोलून ठरलं असेल तर लोकांनी काय म्हणायचंय? पण ती एक रात्र आधी जाग. तू माजघरात गेलीस की मालकांचा श्वास मोजणारं तिथं कुणी उरत नाही.

काय ऐकलंस ते मला नक्की कळव.

तुमची,
आक्का