पिलास शिस्त कीं घरास?

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. सासूसासरे, दीर-जाऊ व मुलें धरून घरांत नऊ माणसें. पतिपत्नी दोघेंही नोकरीवर. आणि मुलांच्या हट्टाखातर आणिलेलें दोन महिन्यांचें कुत्र्याचें पिलूं. तें दिवाणखान्यांत, जिन्यांत, एकदां तर देवघराच्या उंबरठ्याशीं घाण करितें. सासूबाईंचें सोवळें मोडतें, मामंजी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्यास बडवा म्हणतात, मुलें हसतात, आणि सायंकाळीं बँकेंतून दमून आल्यावर पुसण्याचें फडकें मात्र या भगिनींच्याच हातीं येतें. मारल्यावांचून पिलास वळण लागेल काय, कीं तें कोणास देऊन टाकावें, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न या एकाच घरचा नव्हे. २०२० सालीं साथीमुळें पुष्कळांची कचेरी घरांत आली, दिवसभर माणसें घरीं राहूं लागलीं, आणि त्या दिवसांत अनेक कुटुंबांनीं पिलें आणिलीं. पुढें कचेऱ्या उघडल्या. माणसें बाहेर पडलीं व कुत्रीं मागें राहिलीं. नवराबायकोनें सकाळीं नऊला निघून सायंकाळीं सातला परतावें, हा तर आतां शहरांतील नित्यक्रमच आहे. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करूं.

प्रथम पिलाची बाजू ऐकून घ्यावी. जन्मल्यावर सुमारें तीन आठवडे आईनें चाटल्यावांचून पिलाला मलमूत्रविसर्जनही साधत नाहीं, आणि स्वच्छताही तीच ठेविते. पायांत बळ आलें कीं पिलूं आपलें अंथरूण सोडून दूर जाऊं लागतें. अमेरिकेंतील मेन राज्यांत बार हार्बर येथें स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण नवव्या आठवड्याच्या सुमारास पिलें या कामासाठीं ठराविक जागा धरूं लागतात, असें त्यांस आढळलें. म्हणजे स्वच्छतेची ओढ निसर्गानेंच दिलेली आहे. ‘माझें अंथरूण’ एवढेंच पिलास कळतें. त्या शब्दाचा अर्थ वाढवून ‘हें सारें घर’ असा करून देणें, इतकेंच आपलें काम.

दुसरी गोष्ट शरीराची. जाणते लोक एक ठोकळ हिशेब सांगतात: पिलूं जितक्या महिन्यांचें, तितके तास आणि वर एक. दोन महिन्यांचें पिलूं फार तर तीन तास धीर धरील. जागें असून खेळत असेल तर तितकाही नाहीं. आणि घरधनी तर दहा तास बाहेर! तीन तासांचें सामर्थ्य व दहा तासांची अपेक्षा, हें गणित कोणत्याही छडीनें सुटणारें नाहीं. आम्हीं आयुष्यभर वर्ग चालविले. मधल्या सुटीची घंटाच न देतां लहान मुलांस अर्धा दिवस बाकावर बसविलें, तर पुढें जें होईल त्याचा दोष मुलांचा नव्हे, वेळापत्रकाचा.

तेव्हां वेळापत्रक करावें. झोपेतून उठतांच, खाणें झाल्यावर पांच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आंत, आणि खेळ संपतांच पिलास बाहेर जावें लागतें, हे प्रसंग ठरलेले आहेत. खाणें दिवसांतून तीन-चार वेळां, ठरल्या वेळीं द्यावें व पंधरा-वीस मिनिटांनीं भांडें उचलावें. खाण्याची वेळ बांधली कीं पुढची वेळ आपोआप बांधली जाते. पाणी मात्र कधींही तोडूं नये. प्रत्येक वेळीं एकाच जागीं न्यावें, ‘शू कर’ असा एकच शब्द उच्चारावा, आणि काम होतांच त्याच क्षणीं शाबासकी व खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. घरांत येऊन दिलेली शाबासकी घरांत येण्याची होते, त्या कामाची नव्हे.

एकत्र कुटुंबाचें भाग्य येथेंच दिसून येतें. सकाळीं सहाची फेरी फिरावयास जाणाऱ्या आजोबांची, नऊची जाणाऱ्यांची, बारा व तीनची घरीं असणाऱ्यांची, सायंकाळची शाळेंतून आलेल्या मुलांची व रात्रीं दहाची पुरुषमंडळींची, अशी वांटणी करून ती स्वयंपाकघराच्या दारावर नांवांनिशीं लावावी. नांवें न लिहिलीं तर सर्वांचें काम तें सुनेचें काम होतें, हा आपल्या घरांचा जुना अनुभव आहे. ज्या मुलांनीं हट्ट धरिला, त्यांचें नांव पहिलें असावें. प्राण्यावर प्रेम म्हणजे त्याच्याशीं खेळणें नव्हे, हें त्यांस दुसऱ्या कोणत्याही पाठांत इतकें चांगलें शिकतां येणार नाहीं.

आतां माराविषयीं. महाभारताच्या आदिपर्वांत पौष्यपर्वाच्या आरंभींच एक कथा आहे. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां सरमा या देवशुनीचा पुत्र तेथें आला. राजाच्या भावांनीं त्यास मारून हांकलिलें. तो रडत आईकडे गेला व म्हणाला, आपण हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं कीं तें चाटलें नाहीं. सरमेनें यज्ञमंडपांत येऊन जाब विचारिला; कोणीच उत्तर देईना. तेव्हां, निरपराध्यास मारिलें म्हणून तुम्हांस अकल्पित भय प्राप्त होईल, असा शाप तिनें दिला. घरांतील पिलाची स्थिति याहून निराळी नाहीं. घाण होऊन दोन तास झाल्यावर बसलेला मार कशाबद्दल, हें त्यास कळत नाहीं. ‘पण तें अपराध्यासारखें मान खालीं घालतें!’ असें कोणी म्हणतील. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषींनीं २००९ सालीं चौदा कुत्र्यांवर याची परीक्षा पाहिली. ती खालीं गेलेली मान अपराधाची खूण नसून धन्याच्या रागावण्याची छाया होती. अपराध न केलेलें कुत्रेंही रागावल्यावर तसेंच दिसे. मार खाणारें पिलूं स्वच्छता शिकत नाहीं. तें माणसासमोर न करितां पलंगामागें करावयास शिकतें. नाक घाणींत घांसण्याचा प्रकार तर निव्वळ क्रूरपणाचा. चुकतांना समोर सांपडलें तर उचलून ठरल्या जागीं न्यावें, एवढेंच.

सासूबाईंच्या सोवळ्यास उपाय सोपा आहे. देवघर व स्वयंपाकघर यांच्या दारांस बुटकी जाळी बसवावी, आणि कोणाची नजर नसेल तेव्हां पिलास त्याच्या कोपऱ्यांतच ठेवावें. एका टोंकास अंथरूण, दुसऱ्या टोंकास रद्दी. फिनेलनें घाणीचा वास आपल्या नाकापुरता झांकतो, श्वानाच्या नाकाला तो तसाच येतो व जागा पुन्हां खुणावते. अमोनियायुक्त द्रव्यही वर्ज्य करावें. एन्झाइमयुक्त द्रावण पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतें, तें वापरावें. लशी पुऱ्या होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर पिलास सोडूं नये, कारण पार्वो हा रोग पिलांस घातक आहे. तोंवर गच्ची किंवा सज्जा बरा.

या क्रमानें बहुतेक पिलें सहा महिन्यांपासून वर्षाच्या आंत विश्वासार्ह होतात. मधून मधून चुकतील तें गृहीत धरावें. मात्र ज्या घराला दुपारभर कुलूप असतें, त्यांनीं निदान पहिले कांहीं महिने दुपारीं येणारें विश्वासू माणूस नेमावें. तेंही शक्य नसेल तर पिलूं न आणितां वळण लागलेलें मोठें कुत्रें आणावें, अथवा मुळींच आणूं नये. आणून कंटाळल्यावर रस्त्यावर सोडणें हा १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें अपराध आहे. कायदा नसता तरीही तो अपराधच असता. दुसऱ्या चांगल्या घरीं देणें यांत पाप नाहीं. परंतु वांटणीचा कागद महिनाभर तरी दारावर लावून पाहिल्यावांचून तो विचार करूं नये, असें आम्हांस वाटतें.

पिलाचें वळण हें शेवटीं घराच्या वळणाचें प्रतिबिंब असतें. ज्या घरांत एकाचें काम दुसरा न सांगतां उचलितो, त्या घरांत पिलूंही लवकर शिकतें.