स्नायूंची शिल्लक

सम्मेदशिखरजीची वंदना म्हणजे मधुबनहून निघून परत येईपर्यंत सुमारे २७ किलोमीटरांची पायपीट. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या या पर्वताकडे पहाटेच्या अंधारात निघालेल्या यात्रेकरूंमध्ये दोन प्रकार हमखास दिसतात. काही जण उत्साहाच्या भरात पहिलाच चढ झपाझप चढतात आणि थोड्याच वेळात धापा टाकीत वाटेवर बसतात. काही वयस्कर श्राविका मात्र संथ, एकसारख्या पावलांनी चालत राहतात आणि त्यांच्या आधी टोंकेवर पोहोचतात. यामागे श्रद्धेचे बळ असतेच. परंतु स्नायूंच्या अंतरंगातील जमाखर्चही तितकाच कारणीभूत असतो.

स्नायूच्या प्रत्येक तंतूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे सूक्ष्म धागे शेजारी शेजारी असतात. आकुंचनाच्या वेळी हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, तर एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवून दिले. मायोसिनचे असंख्य बारीक हात अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. रस्सीखेचीत गडी दोर ओढतात तसेच. अशा प्रत्येक ओढीमागे एटीपी नावाच्या द्रव्याचा एक रेणू खर्ची पडतो.

एटीपी म्हणजे शरीराची रोख रक्कम. आश्चर्य असे की, ही रोकड स्नायू अगदी थोडी बाळगतो. जोराच्या श्रमात ती दोन-तीन सेकंदांत संपेल. तिच्या पाठीशी क्रिएटिन फॉस्फेटची तातडीची तजवीज असते. तीही दहाएक सेकंदांपुरतीच. त्यानंतर ग्लायकोजेन या साठवलेल्या साखरेला हात घालावा लागतो.

येथे दोन मार्ग फुटतात. श्वासातून येणारा प्राणवायू पुरेसा असेल, तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. मागणी त्याहून वेगाने वाढली, तर प्राणवायूवाचून चालणारा झटपट मार्ग अधिकाधिक वापरला जातो. पण त्यात तेवढ्याच ग्लुकोजपासून एटीपीचे अवघे दोन रेणू हाती लागतात. घाईने चढणारा यात्रेकरू असा मोठ्या तोट्याचा व्यवहार करीत असतो. संथ चालणाऱ्याला मात्र चरबीचाही उपयोग करता येतो. चरबी ही मुदत ठेवीसारखी. रक्कम मोठी, पण ती सावकाशच मोडता येते, आणि तिच्यासाठी प्राणवायू अनिवार्य असतो.

उपवासात वंदना करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृतातील ग्लायकोजेन करते आणि ते साधारण एका दिवसाच्या उपवासात बरेचसे संपते. स्नायूतील ग्लायकोजेन त्या स्नायूच्याच कामी येते. ते साखरेच्या रूपाने रक्तात परत येऊ शकत नाही. पुढे शरीर मुख्यतः चरबीवर चालते; मात्र थोडी साखर बनवण्यासाठी स्नायूंतील प्रथिनेही झिजतात. तरुणपणी ही झीज पारण्यानंतर लवकर भरून निघते. साठीनंतर स्नायू मुळातच घटत असल्याने तिला वेळ लागतो. म्हणून अठ्ठाईनंतर पाय लटपटले, तर ते तपाचे न्यून समजू नये आणि लगेच मोठ्या चढाचा आग्रहही धरू नये. मधुमेहाची वा हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी उपवासासह चढण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. चालताना छातीत दुखल्यास थांबून त्वरित मदत मागावी.

स्नायूंच्या या व्यवहारातील एक तपशील विशेष मननीय आहे. पकडलेला धागा सोडण्यासाठीही मायोसिनला एटीपीच लागते. मृत्यूनंतर शरीर ताठ होते ते याच कारणाने: एटीपी संपते आणि धाग्यांची पकड सुटतच नाही. म्हणजे धरून राहणे आपोआप घडते. सोडण्याला शक्ती लागते. अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

यात्रेपुरता नियम सोपा आहे. महिनाभर आधीपासून रोज चालण्याचा आणि जिने चढण्याचा सराव ठेवावा. प्रत्यक्ष चढताना णमोकार मंत्र धाप न लागता म्हणता येईल एवढाच वेग राखावा. मंत्राचे शब्द तुटू लागले, की प्राणवायूचा पुरवठा मागणीला अपुरा पडतो आहे असे समजून पावले मंदावावीत. श्वास आणि पाऊल यांचा मेळ बसला, की स्नायूंची छोटीशी शिल्लकही शेवटच्या टोंकेपर्यंत पुरते.