पिशवीतला पाना

घरफोडी सिद्ध करायला नुसता संशय पुरत नाही. गुन्ह्याच्या हेतूने घरात बेकायदा शिरणं, तेही कुलूप तोडून किंवा तशाच मार्गाने, हे सगळं सरकारी पक्षाने सिद्ध करायचं. १८६० च्या दंडसंहितेत हेच होतं, आज न्यायसंहितेतही तेच आहे.

आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ बघा. सूर्यास्तानंतर घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं, तर ते का बाळगलं हे त्या माणसानेच सिद्ध करायचं! वाळूजच्या दुसऱ्या पाळीहून रोशन गेटला परतणाऱ्या फिटरच्या पिशवीत पाना, स्क्रू ड्रायव्हर नाही तर काय अत्तर असणार?

त्याच कलमात रस्त्यात रेंगाळणारा ‘चोर म्हणून ख्यात’ माणूसही गुन्हेगार आहे. ही ख्याती ठरवतं कोण? पारध्यांना विचारा. त्यांच्यावरचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्येच रद्द झाला म्हणतात.