'अनटच्ड' म्हणण्याआधी

"माणसाचा स्पर्शही न झालेला निसर्ग." स्कॉटलंडहून टाकलेल्या माझ्या रीलवर हे वाक्य होतं. दोन दिवसांनी मी ती उडवली. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या रीलवर असली वाक्यं अजून झळकतायत, म्हणून हे भांडण.

उत्तर किनाऱ्याचा 'नॉर्थ कोस्ट ५००' मार्ग २०१५पासून फार गाजलाय. आम्हाला गर्दी नको होती, म्हणून सकाळी लेर्गहून आतल्या रस्त्याने निघालो. एका गाडीपुरती डांबराची पट्टी आणि समोरून कुणी आलं तर बाजूला व्हायला ठिकठिकाणी 'पासिंग प्लेस'. गाड्या डाव्या बाजूनेच, त्यामुळे आपल्याला सोपं. वाट दिली की समोरचा हात वर करतो. (पुण्यात केला तर माणूस भांडायलाच उतरेल.)

अल्टनाहारानंतर उजवीकडे वळलो. नेव्हर तलाव, उघडे डोंगर, मेंढ्या. घर एकही नाही. मी एका पासिंग प्लेसमध्ये गाडी लावून शूट करत बसले. मागे ट्रेलरवाले एक आजोबा थांबले होते. हॉर्न नाही, काही नाही. शेवटी उतरून आले, गाडी काढायला सांगितली. ही जागा पार्किंगची नाही, एवढं तरी मला माहीत असायला हवं होतं. जाताना त्यांनी उतारावरच्या गवतातल्या दगडांच्या रांगा दाखवल्या. "ती घरं आहेत," म्हणाले.

ते ग्रमबेग होतं. या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात अशी बरीच गावं होती. जमीन सदरलंडच्या काउंटेसची. कुळांच्या भाड्यापेक्षा मेंढपाळीतून जास्त पैसा मिळेल, असा इस्टेटीचा हिशेब. १८१४ आणि १८१९ साली लोकांना बाहेर काढलं. परत येऊ नयेत म्हणून छपरं जाळली. रोझल गावच्या डोनाल्ड मॅक्लाऊड या गवंड्याने एका रात्री टेकडीवरून अडीचशे जळती घरं मोजल्याचं लिहून ठेवलंय. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला, तो निर्दोष सुटला. रिकाम्या झालेल्या जमिनीवर मेंढ्यांचा फार्म कुणाचा? त्याच सेलरचा.

लोकांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे मिळाले. गुरं सांभाळणाऱ्यांनी आता मासे मारायचे. संध्याकाळी आम्ही पोचलो ते बेटीहिल अशाच वस्त्यांपैकी एक. काउंटेसचं नाव एलिझाबेथ, गावाचं नाव तिच्यावरूनच.

म्हणजे मी ज्याला निसर्ग म्हणत होते तो एका ऑफिसात ठरलेला निर्णय होता. डोंगर इतके बोडके, त्यातही मेंढ्यांचा आणि पुढे शिकारीसाठी राखलेल्या हरणांचा मोठा वाटा आहे. रोपटं वर आलं की खाल्लं. आणि आपण दोनशे वर्षांनी तिथे जाऊन 'व्हर्जिन', 'अनटच्ड', 'इथे कुणीच नाही' लिहितो. घरं जाळणाऱ्याला नेमकं हेच हवं होतं: इथे कुणी होतं हे कुणाला आठवू नये. ते काम आपण फुकटात करतोय, वर म्युझिक लावून.

"ट्रिपला गेलोय, इतिहासाचा तास नकोय," हे माझ्याच ग्रुपमधल्या एकाने ऐकवलं. बरं. मग 'सुंदर' म्हणा, 'शांत' म्हणा, कुणी अडवलंय? 'कुणीच नव्हतं' हा मात्र इतिहासाचाच दावा आहे, आणि तो खोटा आहे.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगते. माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या शिवसागराखाली आहे. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणत लोक त्याच पाण्यावर बोटिंग करतात, मीही केलंय. दोन्ही गोष्टी एक नाहीत. कोयनेतून निदान राज्याला वीज मिळाली, तिथे इस्टेटीला भाडं. पण पाण्याचा फोटो बघून आजी "आमचं देऊळ कुठंशी असेल गं?" असं विचारायची, तेव्हा मला चिडायला व्हायचं. सारखं तेच तेच काय, असं वाटायचं.

रील पुन्हा टाकलीय. तेच शॉट्स, फक्त दगडांवर कॅमेरा जरा जास्त वेळ ठेवलाय आणि खाली लिहिलंय: ग्रमबेग, इथे गाव होतं. व्ह्यूज पहिलीच्या निम्मेही नाहीत. राहू दे.